आत्ता माझ्यातून कोण बोलतंय? आदिबंधांच्या मदतीने स्वतःला ओळखण्याची रीत

‘तुमचा आदिबंध कोणता?’ असं विचारणाऱ्या प्रश्नावल्या पुष्कळ आहेत. दहाबारा उत्तरं दिली की निकाल मिळतो: तुम्ही योद्धा, तुम्ही ऋषी, तुम्ही भटके. त्यातून स्वतःची ओळख फारशी होत नाही, कारण मुळात प्रश्नच चुकला आहे. आदिबंध म्हणजे वागण्या-वाटण्याचा मनातला जुना साचा, माणसाचा पिंड नव्हे. एकच बाई सकाळी आजारी मुलाजवळ बसलेली माउली असते, दुपारी बैठकीत कठोर न्यायाधीश होते आणि संध्याकाळी फोनवर कोणी आवाज चढवला की ती स्वतःच सात वर्षांचं घाबरलेलं पोर होऊन जाते. म्हणून विचारायचं ते असं: आत्ता, या प्रसंगात, माझ्यातून कोण बोलतंय? पुढची सगळी रीत या एका प्रश्नावर उभी आहे.

आधी संकल्पना थोडक्यात. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्ताव युंग (१८७५–१९६१) यांनी ‘आर्किटाइप’ हा शब्द १९१९ साली वापरायला सुरुवात केली. त्याआधी ते ‘आदिम प्रतिमा’ म्हणत. मराठी समीक्षेत ‘आदिबंध’ हा शब्द रुळला आणि तो नेमका आहे, कारण ‘बंध’ म्हणजे घडण. आदिबंधाला स्वतःचं चित्र नसतं, फक्त आकार असतो. युंग यांनी त्याला कोरड्या पडलेल्या नदीपात्राची उपमा दिली होती: पाणी नसलं तरी पात्र शाबूत असतं, आणि पाणी परतलं की त्याच वाटेने धावतं. वरिष्ठांचं एक साधं वाक्य राजाज्ञेसारखं अंगावर येतं, तेव्हा वाक्य आजचं असतं, पात्र मात्र फार जुनं. हे साचे सगळ्या मानवजातीला जन्मतःच मिळालेले असतात हा युंग यांचा दावा प्रयोगांनी सिद्ध झालेला नाही, त्यावर वाद आहेत. इथल्या कामासाठी तो सिद्ध असण्याची गरजही नाही. आदिबंध हे निदान म्हणून वापरायचे नाहीत, भिंग म्हणून वापरायचे आहेत.

लागणारं साहित्य: एक कागदी वही, पेन आणि पाच आठवडे. पहिल्या दहा दिवसांत रोज पंधरा मिनिटं पुरतात. फोनवरच्या टिपणांपेक्षा कागद बरा, कारण पुढे सगळी पानं एकत्र उघडून खुणा करायच्या आहेत.

पहिले दहा दिवस: प्रसंग टिपा, नाव देऊ नका

रोज रात्री दिवसातला एकच प्रसंग निवडा. निकष एकच: प्रतिक्रिया प्रसंगाच्या मानाने मोठी होती का? कोणी दहा मिनिटं उशिरा आलं आणि दिवसभर जीव जळत राहिला. एका मेसेजला उत्तर आलं नाही आणि पोटात गोळा आला. स्वतःचं काम बाजूला टाकून अनोळखी माणसाचं काम करून दिलं. फक्त राग आणि दुःख शोधू नका. एखाद्याच्या बोलण्याने भारावून जाणं हाही तितकाच कामाचा पुरावा आहे, आणि नेमका तोच वहीत सगळ्यात कमी उतरतो.

प्रमाणाबाहेरचंच का टिपायचं? तरुणपणी युंग झुरिकच्या बुर्गहोल्झली रुग्णालयात शब्दसाहचर्याचे प्रयोग करत. एकेक करून शंभर शब्द म्हणायचे, ऐकणाऱ्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि प्रत्येक उत्तराला लागलेला वेळ घड्याळाने मोजायचा. माणूस जिथे अडखळे, उगीच हसे किंवा तोच शब्द परत म्हणे, तिथे त्याचा गंड, म्हणजे भावनेने भारलेली मनातली गाठ, दडलेला असे. पुढे युंग यांनी मांडलं की प्रत्येक गंडाचं वरचं आवरण त्या माणसाच्या आयुष्यातल्या घटनांचं असतं, पण गाभ्यात आदिबंध असतो. म्हणजे अडखळण्याची जागा हेच दार. तुमच्या वहीत त्या घड्याळाचं काम भावनेचं प्रमाण करतं.

प्रत्येक प्रसंगाच्या पाच ओळी लिहा.

१. काय घडलं, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. ‘ती तुसडेपणाने वागली’ हे चालणार नाही. ‘तिने मान वर न करता “ठेव तिथे” म्हटलं’ हे चालेल.
२. मनात उमटलेलं पहिलं वाक्य, जसंच्या तसं, शिवीसकट.
३. शरीरात काय झालं: जबडा, छाती, पोट, हात.
४. त्या क्षणी स्वतःचं वय किती वाटलं.
५. समोरच्याने काय करायला हवं होतं.

दुसरी आणि चौथी ओळ सगळ्यात मोलाची. दुसरी ओळ लिहिताना माणसं ती सुधारून घेतात. मनात ‘मी मेलो तरी यांना कळणार नाही’ असं आलेलं असतं आणि वहीत ‘मला दुर्लक्षित वाटलं’ असं उतरतं. तिथे काम फसतं, कारण आदिबंध नाटकी बोलतो, आणि तुम्ही त्याचे संवाद खोडून त्या जागी अहवाल लिहिलेला असतो. चौथ्या ओळीत आकडा विचार न करता लिहा. पाच-सात असा आकडा वारंवार आला तर तिथे बालक किंवा अनाथ हा आदिबंध जवळपास आहे. खऱ्या वयापेक्षा फार मोठा आला, ‘ऐंशी वर्षांची झाल्यासारखं वाटलं’, तर बहुधा सगळ्यांची ओझी वाहणारं कोणीतरी.

एखादा दिवस चुकला तर आठवून भरू नका. आठवणीतला प्रसंग आधीच गोष्ट झालेला असतो. दहा नोंदींना चौदा दिवस लागले तरी हरकत नाही, पण सात नोंदींच्या आत पुढे जाऊ नका. या काळात आदिबंधांच्या याद्याही वाचू नका. नाव एकदा डोक्यात बसलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं.

अकराव्या दिवशी: वाक्यांवरून माणसं ओळखा

तासभर मोकळा ठेवा. सगळ्या नोंदी एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने वाचा आणि फक्त दुसऱ्या ओळींखाली रेघ मारा. बहुतेकांच्या वाक्यांची दोन-तीन घराणी पडतात.

‘मीच केलं नाही तर कोण करणार?’ ही पोषकाची बोली. त्याची देणगी मोठी: कोणाला काय हवं ते न सांगता कळतं. किंमत अशी की मनात गुपचूप हिशेब चालू राहतो. ओळखायची खूण म्हणजे न मागता केलेली मदत आणि आभार मानले नाहीत म्हणून आलेला संताप, दोन्ही एकाच नोंदीत. खाली भीती असते: माझी गरज संपली तर मला कोण ठेवून घेईल?

‘शेवटी आपलं कोणी नसतं’ हे अनाथाचं वाक्य. त्याला खोटेपणा लांबून कळतो, दुसऱ्याचं दुःखही खरंखुरं कळतं. पण तो जवळच्यांची इतकी परीक्षा पाहतो की ती दमून लांब जातात, आणि मग त्याचंच म्हणणं खरं ठरतं. आई-वडील हयात आणि मायाळू असलेल्या माणसांतही हा भेटतो. तो आकार आहे, चरित्र नाही.

‘हे मी खपवून घेणार नाही’ म्हणणारा योद्धा सीमा राखतो, हाती घेतलेलं तडीस नेतो. त्याला शत्रू लागतो. बाहेर कोणी नसला की तो घरातच शोधतो. ‘मला न विचारता असं झालंच कसं?’ हे राजाचं किंवा राणीचं. घडी बसवणं हे त्यांचं बळ, आणि दुसऱ्याचं स्वातंत्र्य त्यांना अवज्ञा वाटते. भटक्याचं वाक्य तोकडं असतं: ‘इथून निघावं.’ न्यायाधीश तर दर दुसऱ्या वहीत सापडतो, आणि त्याचा आरोपी बहुतेक वेळा वही लिहिणाराच असतो.

विदूषक मात्र दुसऱ्या ओळीत सापडत नाही. त्याला पहिल्या ओळीत शोधा: ‘सगळे गप्प झाले, मी विनोद केला.’ ताण वाढताच हसवणं त्याचं काम, म्हणून मनात वाक्य उमटायच्या आधीच तो पुढे आलेला असतो.

ही नावं फक्त सुरुवातीला हाताशी. ‘पोषक’ फार ढोबळ आहे. तुमच्या नोंदींतून त्याचं चित्र पाहा आणि नेमकं नाव द्या: ‘रात्री सगळ्या खिडक्या तपासणारी’, ‘न बोलावता धावत येणारा’, ‘पाठीवर घर घेतलेला हमाल’. नेमकं नाव प्रसंगाच्या भरात आठवतं. यादीतलं नाव आठवत नाही. तीनच नावं ठेवा, फार तर चार. बारा माणसं एकदम सांभाळायला गेलं की एकाचीही नीट ओळख होत नाही.

प्रत्येक नाव तीन कसोट्यांवर घासून पाहा. ते किमान तीन नोंदींत आलंय का? ते मान्य करताना थोडं टोचतंय का? आणि त्याचा एखादा खरा उपयोग तुम्हाला सांगता येतो का? नुसतं टोचत असेल आणि उपयोग दिसत नसेल, तर ते नाव तुमच्या न्यायाधीशाने दिलेलं आहे. नुसतं सुखावत असेल तर तो मुखवटा आहे, जगासमोर धरायचा चेहरा. ‘वाचलं आणि अगदी पटलं’ हा पुरावा धरू नका. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं स्वतंत्र व्यक्तिमत्त्व-वर्णन म्हणून एक कागद दिला. मजकूर सगळ्यांना एकच होता. त्याच्या अचूकतेला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पटणं इतकं स्वस्त असतं. पुरावा म्हणजे वहीतली तारीख आणि वाक्य.

प्रत्येकाची दोन टोकं

आता एकेका नावाला एक पान. पानाच्या डावीकडे अतिरेक, उजवीकडे अभाव, मध्ये त्याचं निरोगी रूप. योद्ध्याचा अतिरेक म्हणजे आक्रमकता, अभाव म्हणजे सगळं मुकाट सोसणं, मध्य म्हणजे वेळेवर आणि साध्या आवाजात दिलेला नकार. राजाचा अतिरेक जुलूम, अभाव जबाबदारी झटकणं. पोषकाचा अतिरेक गुदमरवणं, अभाव स्वतःकडे आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवणं.

प्रत्येकाला वाटतं की आपण एकाच टोकाला आहोत. नोंदी वेगळं सांगतात. ‘माझ्यात योद्धा नाहीच, मी फार सोसते’ असं म्हणणारीच्या वहीत तीन आठवडे सोसणं दिसतं आणि चौथ्या आठवड्यात एका फुटलेल्या कपावरून झालेला स्फोट. दोन्ही एकाच योद्ध्याची कामं. त्याला मधला आवाज माहीत नाही एवढंच. अशा वेळी राग आवरण्याचे उपाय फारसे लागू पडत नाहीत, कारण बिघाड स्फोटाच्या दिवशी झालेला नसतो. तो वीस दिवस आधी, पहिला छोटा नकार गिळला तिथे झालेला असतो. तारखा लावून पाहा, ती जागा सापडते.

सावली: वहीत नसलेली माणसं

आपण स्वतःत नाकारलेलं जे काही असतं त्याला युंग सावली म्हणत. ती थेट दिसत नाही, दुसऱ्यावर पडलेली दिसते. दोन याद्या करा: मनापासून खटकणारी तीन माणसं आणि मनापासून आवडणारी तीन. प्रत्येकापुढे तीन विशेषणं. मग प्रत्येक विशेषणाला दोन प्रश्न विचारा: ‘असं वागायची मला परवानगी आहे का?’ आणि ‘ती कोणी काढून घेतली?’ ‘आळशी’ हे विशेषण तिन्ही खटकणाऱ्यांपुढे आलं, तर विश्रांती घेणारं कोणीतरी तुमच्या घराबाहेर उभं आहे. आवडणाऱ्यांच्या यादीत ‘बिनधास्त’ आलं तर तेही तसंच बाहेर. सावलीत फक्त वाईटच असतं हा समज चुकीचा; कित्येकांचं धाडस आणि खेळकरपणा तिथेच पडलेला असतो.

इथे एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. दुसऱ्याबद्दलचा प्रत्येक राग म्हणजे प्रक्षेपण, आपलंच नाकारलेलं दुसऱ्यात पाहणं, नव्हे. कोणी खरोखर अपमान करत असेल, फसवत असेल, हात उगारत असेल, तर त्या जागी सावलीचा अभ्यास करायचा नसतो. तिथून सुरक्षित बाहेर पडायचं असतं. ‘यात माझंच काहीतरी असेल’ हे वाक्य अशा प्रसंगी बहुधा पोषकाचं किंवा अनाथाचं असतं. खूण म्हणून एवढं लक्षात ठेवा: समोरच्याचं वागणं तिऱ्हाइतालाही तितकंच चुकीचं वाटेल का? वाटत असेल तर आधी बंदोबस्त, वही नंतर.

लिहून संवाद

मनात उभ्या राहणाऱ्या आकृतींशी जागेपणी बोलणं याला युंग सक्रिय कल्पना म्हणत. त्याचं हे साधं, लेखी रूप. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी वीस मिनिटं, गजर लावून. तुम्ही ठेवलेल्या नावांपैकी एकाला निवडा आणि तो कुठे, कसा उभा आहे ते पाहा. चित्र आपणहून जरा हलेपर्यंत थांबा. मग विचारा: तुला काय हवंय? कशाची भीती वाटते? माझ्यासाठी हे काम केव्हापासून करतोस? उत्तर येईल तसं लिहा. तुमचं आणि त्याचं बोलणं वेगवेगळ्या शाईत लिहिलं तर नंतर वाचायला सोपं जातं.

तुम्हाला हवं तेच तो बोलत असेल तर संवाद तुम्हीच रचताय. खरा संवाद थोडा चकित करतो, कधी रुसतो, कधी गप्पच राहतो. ती गप्पही लिहा. दुसरी चूक उलट दिशेची: तो म्हणेल ते मान्य करणं. योद्धा म्हणाला ‘उद्याच राजीनामा दे’, तर त्याला उत्तर द्यायचं असतं: ‘तुझा राग कळला, पण घर मी चालवते. दुसरं काही सुचव.’ या संवादात दोन पक्ष हवेत. तुमचा पक्ष गप्प बसला की भूमिका अंगात येते. मग माणूस उद्धारकर्त्याच्या आवेशात सल्ले वाटत सुटतो, किंवा सगळ्यांचं दुःख आपल्याच शिरावर आहे असं त्याला वाटू लागतं. युंग यांच्या परंपरेत याला फुगणं म्हणतात. झोप कमी, बोलणं जास्त आणि ‘हे फक्त मलाच कळलंय’ ही भावना दिसली की दोन आठवडे वही बंद ठेवा.

संवादात जिवंत, ओळखीच्या माणसाला आणू नका. त्याच्याशी मनात भांडून झालं की खऱ्या भेटीत तुम्ही त्या मनातल्या माणसालाच उत्तर देता. गजर झाला की लिहिणं थांबवा, तोंड धुवा, थोडं चाला, हातांनी करायचं एखादं काम करा. रात्री झोपण्याच्या तोंडावर हा भाग करू नये, झोप उडते.

ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा भास होतात, ज्यांच्यावर नुकताच मोठा आघात झाला आहे, ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत, त्यांनी संवादाचा भाग एकट्याने करू नये. आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं.

सात दिवसांची एक कृती

इथपर्यंतचं सगळं कागदावर आहे, आणि बरेच जण इथेच थांबतात. एका नावासाठी एकच कृती ठरवा: दहा मिनिटांच्या आत होणारी, दुसऱ्याच्या परवानगीची गरज नसलेली, झाली की नाही ते हो-नाहीत सांगता येईल अशी. ‘स्वतःला वेळ देईन’ ही कृती नव्हे. ‘पुढच्या वेळी कोणी काम सांगितलं की लगेच हो न म्हणता “उद्या सकाळी सांगते” म्हणेन’ ही कृती. न्यायाधीशासाठी: एक पत्र न तपासता, पहिल्याच खर्ड्यात पाठवणं, अर्थात ज्यात चूक झाली तरी नुकसान नाही असं. विदूषकासाठी: ताणाच्या वेळी एक ते दहा मोजेपर्यंत गप्प राहणं. भटक्यासाठी: निघावंसं वाटल्यावर वीस मिनिटं तिथेच थांबून मग ठरवणं.

कृती झाल्यावर त्याच पाच ओळी पुन्हा लिहा. पहिल्या वेळी अपराधी वाटणं, पोटात ढवळणं हे अपेक्षित आहे. ज्याची नोकरी जाते तो कुरकुरतोच. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिसऱ्या ओळीत फरक दिसू लागतो, म्हणजे जबडा कमी आवळलेला, श्वास जरा खाली उतरलेला. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर बहुधा नाव चुकलंय, किंवा कृती फार मोठी घेतलीय. आधी कृती निम्मी करा, मग नावाकडे वळा.

नावं घरात वापरू नका. ‘तुझ्यातला अनाथ बोलतोय’ असं जोडीदाराला भांडणात ऐकवलं की भिंगाचा दगड होतो. स्वतःबद्दलही ‘मी बंडखोरच आहे, माझ्याकडून वेळ पाळली जाणार नाही’ असं म्हणू लागलात तर नाव सबबीच्या कामाला लागलंय. त्या नावाच्या पानावर मधल्या रकान्यात काय लिहिलं होतं ते पुन्हा वाचा. पुरुषातली स्त्री आणि स्त्रीतला पुरुष या युंग यांच्या कल्पनांवर त्यांच्या काळाची गडद छाप आहे. आपल्या वाटणीला न आलेले गुण कोणाच्या रूपात दिसतात एवढाच प्रश्न त्यातून घ्यावा, बाकी सोडून द्यावं.

तीन महिन्यांनी पुन्हा दहा नोंदी करा, जुनी पानं न उघडता. मग दोन्ही संच शेजारी ठेवून वाक्यं पडताळा. जे नाव नव्या नोंदींत एकदाही आलं नाही त्यावर रेघ मारा. जे वाक्य कोणत्याच नावाखाली बसत नाही, त्याच्यासाठी कोरं पान उघडा.